इंग्रजीतले शकुनाचे शब्द: कोणता कुठून आला आणि मराठीत आणताना कुठे चुकतं

प्रश्न असा आहे: इंग्रजी मजकूर मराठीत आणताना ओमेन, ऑस्पिशस, पोर्टेंट, प्रिमोनिशन, फोरबोडिंग या सगळ्यांसाठी ‘शकुन’ नाहीतर ‘अपशकुन’ यापलीकडे शब्द सुचत नाही. या शब्दांत खरंच फरक आहे का, आणि असला तर तो आला कुठून?

फरक आहे, आणि तो शब्दांच्या जन्मातच आहे. यातला प्रत्येक शब्द सुरुवातीला एका ठरावीक प्रकारच्या खुणेचं नाव होता. एक कानावर पडलेल्या बोलाचं, एक पक्ष्याच्या उडण्याचं, एक अघटित घटनेचं, एक ताऱ्यांचं, आणि काही निव्वळ मनात दाटून येणाऱ्या शंकेचे. म्हणून शब्द समोर आला की आधी एवढंच विचारावं: खूण कुठे आहे, बाहेर की आत? त्यानंतर दुसरा प्रश्न: हा शब्द अजून खुणेचा अर्थ सांगतो, की घसरत घसरत संकटाचंच नाव होऊन बसलाय? मराठीत ‘उत्पात’ शब्दाचं असंच झालं. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त उत्पात म्हणजे अनर्थाची सूचना देणारी विपरीत घटना. आज ‘पोरांनी उत्पात मांडलाय’ म्हणताना त्यात सूचना उरलेली नाही. ‘अरिष्ट’चंही तेच. आयुर्वेदात ते जवळ आलेल्या मृत्यूचं लक्षण, बोलण्यात मात्र थेट संकट. इंग्रजीत ही घसरण पदोपदी दिसते.

सुरुवात जुन्या इंग्रजीपासून करायला हवी, कारण आज शकुनाचे म्हणून जे इंग्रजी शब्द आपण शिकतो ते बहुतेक लॅटिनमधून आलेले आहेत, आणि त्याआधी या भाषेकडे स्वतःचा चांगला साठा होता. ‘बेओवुल्फ’ काव्यात नायक समुद्रापार निघतो तेव्हा जाणती माणसं ‘हॅल’ पाहतात. हॅल म्हणजे शकुन, पण त्याच शब्दाचा अर्थ क्षेम, आरोग्य असाही होतो. आजचे हेल्थ आणि होल हे त्याच कुळातले. म्हणजे शकुन पाहणं म्हणजे ‘क्षेम आहे ना’ हे पाहणं. दुसरा शब्द ‘फोरबेआकन’. अँग्लो-सॅक्सन बखरीत 793 सालच्या नोंदीत तो येतो: नॉर्थंब्रियावर भयंकर फोरबेआकन दिसली, वावटळी, विजा, आकाशात उडणारे आगीचे ड्रॅगन, मग दुष्काळ, आणि त्याच वर्षी लिंडिसफार्नच्या मठावर समुद्री लुटारूंची धाड. ‘फोर’ म्हणजे आधी आणि ‘बेआकन’ म्हणजे खूण. हा जोडशब्द मेला, पण त्याचा उत्तरार्ध जगला: किनाऱ्यावरचा बीकन, इशाऱ्याचा दिवा. हाताने खूण करून बोलावणं म्हणजे ‘बेकन’, तेही त्याच मुळातून आलं.

हा साठा का आटला? एक कारण धर्माचं. इ.स. 1000 च्या सुमाराला एल्फ्रिक या मठाधिपतीने शकुन पाहण्याविरुद्ध एक प्रवचन लिहिलं. जो पक्ष्यांवरून, शिंकांवरून, घोड्यांवरून किंवा कुत्र्यांवरून शकुन धरतो तो ख्रिस्ती नव्हे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. यादीत शिंक आहे हे आपल्या वाचकांना वेगळं समजावून सांगायला नको. दुसरं कारण 1066 मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं त्यानंतरचं: राज्य, दरबार आणि पांडित्य फ्रेंच-लॅटिनकडे गेलं आणि विद्वत्तेचे शब्द तिकडून येऊ लागले. त्या वर्षी आकाशात जो धूमकेतू दिसला त्याला बखरीत ‘केसाळ तारा’ म्हटलं आहे. कॉमेट या ग्रीक शब्दाचा अर्थही लांब केसांचा असाच आहे. केसाळ तारा गेला, कॉमेट राहिला.

देशी शब्दांपैकी जे वाचले ते वेगळ्या वेशात वाचले. ‘विअर्ड’ हा त्यातला सगळ्यात नवलाचा. जुनं रूप ‘विर्ड’, अर्थ नियती, घडणारं ते. ‘होणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी तो जोडलेला आहे, आणि त्या क्रियापदाचं मूळ संस्कृतातल्या ‘वृत्’ धातूचं सख्खं भावंड आहे. आपलं ‘वृत्त’ म्हणजे घडलेलं आणि त्यांचं ‘विर्ड’ म्हणजे घडणारं. मॅकबेथमधल्या तीन विअर्ड बहिणी विचित्र म्हणून विअर्ड नव्हत्या, त्या नियतीच्या बहिणी होत्या. हे नाव शेक्सपिअरने 1577 मध्ये निघालेल्या हॉलिनशेडच्या इतिहासग्रंथातून घेतलं. तोवर इंग्लंडच्या दक्षिण भागात हा शब्द जवळजवळ विस्मरणात गेला होता. प्रेक्षकांनी त्या बहिणींचं वागणं पाहिलं आणि पुढच्या पिढ्यांनी तोच शब्दाचा अर्थ धरला. ‘विचित्र’ हा आजचा अर्थ 19 व्या शतकात पक्का झाला. म्हणून 1800 पूर्वीच्या मजकुरात विअर्डला ‘विचित्र’ म्हणणं बहुतेक वेळा चूकच ठरतं.

‘डूम’ म्हणजे मुळात निवाडा, ठरवून दिलेलं. 1086 च्या जमीन-महसूल नोंदवहीला डूम्सडे म्हणतात ते त्यातला निर्णय अंतिम, या अर्थाने. या शब्दाचं मूळ संस्कृत ‘धा’ धातूशी एक आहे, ठेवणे, स्थापणे. त्याच धातूपासून आपले विधी आणि विधाता. तेव्हा डूमला ‘विधिलिखित’ म्हणणं हे अर्थानेच नव्हे, वंशानेही बरोबर आहे. असा योग क्वचित जुळून येतो.

‘फे’ हा तिसरा. जुना अर्थ ‘मरणाच्या वाटेला लागलेला’. स्कॉटलंडमध्ये एखादा माणूस अचानक नको इतका आनंदी, उत्साही दिसू लागला की तो फे झालाय म्हणत; विझताना दिवा मोठा होतो ही आपली समजूत तीच. पुढे परी या अर्थाच्या ‘फे’ नावाच्या वेगळ्याच शब्दाशी उच्चारसाम्यामुळे सरमिसळ झाली आणि आज फे म्हणजे परीसारखं, जरा या जगाबाहेरचं. दोन शब्द, दोन वेगळी मुळं. परीवाला फे लॅटिन ‘फाता’तून, म्हणजे दैवातून आला.

आता रोम. इथे थोडं थांबायला हवं, कारण अनुवादात सर्वाधिक गोंधळ याच शब्दांचा होतो.

‘ओमेन’ रोमन लोकांच्या काटेकोर वापरात मुख्यतः कानावर पडलेला बोल होता. कोणी सहज काही बोललं आणि ते ऐकणाऱ्याच्या कामाला लागू पडलं, तर तो ओमेन. रोमन लेखक सिसेरोने दिलेलं उदाहरण प्रसिद्ध आहे: रोमन सेनापती क्रॅसस पार्थियावर, म्हणजे इराणकडच्या साम्राज्यावर, स्वारीला निघताना ब्रुंडिसियम बंदरात एक अंजीरवाला ‘काउनेआस’ अशी आरोळी देत होता, कॉनस गावची अंजिरं या अर्थाने. ऐकणाऱ्याला ते ‘कावे ने एआस’ असं लागू शकतं, म्हणजे ‘सांभाळ, जाऊ नकोस’. क्रॅसस गेला आणि इ.स.पू. 53 मध्ये कार्हीच्या लढाईत मारला गेला. आपल्याकडे ‘शुभ बोल रे नाऱ्या’ म्हणताना जी भीती असते ती नेमकी ओमेनची भीती आहे.

ओमेनची एक महत्त्वाची बाजू म्हणजे ऐकणाऱ्याला तो स्वीकारता किंवा नाकारता येई. स्वीकारला तर तसं मोठ्याने म्हणायचं. नाकारायचा, ‘टळो हे’ म्हणायचं, तर त्यासाठी क्रियापद ‘अबॉमिनारी’: अब म्हणजे दूर, आणि ओमेन. यातून अबॉमिनेबल. मुळात ‘इडापिडा टळो’ म्हणावं असं, मग तिटकारा यावा असं, आणि आज बोलण्यात नुसतं ‘भयंकर वाईट’. मध्ययुगात लेखनिकांनी यात ‘ह’ घुसवला. त्यांना तो ‘अब होमिने’, माणसापासून दूर, म्हणजे अमानुष, असा वाटला. शतकानुशतकं चुकीचं स्पेलिंग चाललं, आणि शेक्सपिअरने एका नाटकात पढीक पंडिताच्या तोंडी त्या ‘ह’चा आग्रह घालून त्याची टर उडवली. शब्दाची व्युत्पत्ती चुकली की अर्थही कसा ओढला जातो याचा हा नमुना: ‘अमानुष’ ही छटा त्या नसलेल्या ‘ह’ने आणली.

‘ऑस्पिस’ मात्र डोळ्यांचा. ‘आविस’ म्हणजे पक्षी, आणि ‘स्पेक’ म्हणजे पाहणे. संस्कृतात पक्ष्याला ‘वि’ असाही एक जुना शब्द आहे, तो ‘आविस’चा भाऊ. पाहणाऱ्या ‘स्पेक’चा भाऊ आपल्या ‘पश्यति’मध्ये आहे. ऑस्पेक्स म्हणजे अक्षरशः पक्षी पाहणारा. काम शिस्तीत चाले. ऑगर नावाचा अधिकारी वाकडी काठी घेऊन आकाशाचा किंवा जमिनीचा तुकडा आखून घेई, त्या आखलेल्या जागेला ‘टेम्प्लुम’ म्हणत. त्यातून टेम्पल, आणि त्या जागेकडे लक्ष लावून बसण्यातून कॉन्टेम्प्लेट. काही पक्षी आवाजावरून पाहायचे, त्यांना ‘ओसिनेस’ म्हणत; काही उडण्यावरून. ओसिनेस हे नाव आज पक्षिशास्त्रात गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटाला आहे. मोहिमेवर आकाश न्याहाळायला सवड नसे, म्हणून सैन्याबरोबर पिंजऱ्यात कोंबड्या नेत. दाणे टाकायचे, अधाशीपणे खाताना चोचीतून दाणे खाली सांडले तर उत्तम, खाल्लंच नाही तर वाईट. इ.स.पू. 249 मध्ये ड्रेपानाच्या आरमारी लढाईआधी कोंबड्यांनी दाण्याला तोंड लावलं नाही, तेव्हा रोमन सेनापती पब्लियस क्लॉडियस पुल्करने ‘खात नाहीत तर पिऊ देत’ म्हणून त्या समुद्रात फेकायला लावल्या. रोमन आरमाराचा दणदणीत पराभव झाला.

शकुन पाहायचा अधिकार सेनापतीचा होता. हाताखालच्या अधिकाऱ्याने लढाई जिंकली तरी श्रेय ज्याच्या ऑस्पिसखाली मोहीम निघाली त्याचं. ‘अंडर द ऑस्पिसेस ऑफ’ हा प्रयोग तिथून आला, आणि मराठी पत्रिकांवर तो ‘यांच्या संयुक्त विद्यमाने’ म्हणून उतरतो. ‘इनॉग्युरेट’ म्हणजे ऑगरकडून कौल घेऊन पदावर बसवणं. आपण त्याला उद्घाटन म्हणतो. कोकणात आणि गोव्यात देवळात पाकळ्या लावून कौल घेतात आणि मगच काम काढतात, ती रीत या शब्दाच्या मुळाशी जास्त जवळची आहे. ‘ऑगर’चं लेखन करताना मात्र सांभाळावं. भोक पाडायच्या गिरमिटालाही इंग्रजीत याच उच्चाराचा शब्द आहे, फक्त स्पेलिंगमध्ये ‘यू’च्या जागी ‘ई’.

‘शकुन’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थही पक्षीच. त्यामुळे ऑस्पिस आणि शकुन एकाच मुळाचे, असं लिहिलेलं आढळतं, ते चूक आहे. दोन समाजांनी पक्ष्याकडे पाहिलं आणि दोघांनी पक्ष्याच्या नावाने खुणेला नाव दिलं; शब्द मात्र वेगळे. विचार सारखा असणं आणि शब्द एकवंशी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिंगळा हे घुबडाच्या जातीचं नाव आणि पहाटे भविष्य सांगत फिरणाऱ्यांचंही नाव, हीदेखील त्याच विचाराची, पण स्वतंत्र वाट.

डाव्या-उजव्याचं गणित असंच फसवं आहे. वारो या रोमन पंडिताच्या वर्णनात टेम्प्लुमची डावी बाजू पूर्वेची आणि पुढची बाजू दक्षिणेची. सूर्योदयाची दिशा डावीकडे, म्हणून जुन्या रोमन शकुनशास्त्रात ‘सिनिस्टर’, डावा, हा शुभ. ग्रीक लोक उत्तरेकडे तोंड करत, त्यांची पूर्व उजवीकडे, म्हणून त्यांना डावं अशुभ. पुढे रोमन कवींनी ग्रीक रीत उचलली आणि सिनिस्टर बिघडला. इंग्रजीत 15 व्या शतकात तो आला तोच कपटी, दुष्ट या अर्थाने. संस्कृतात ‘वाम’चा अर्थ डावा आणि सुंदर असा दोन्ही होतो, तेव्हा डाव्याबद्दलची ही दुविधा रोमची एकट्याची नाही. आणि लॅटिन ‘डेक्स्टर’ व आपला ‘दक्षिण’ हे मात्र खरोखरच सख्खे. पूर्वेकडे तोंड केलं की उजवा हात दक्षिणेला येतो, म्हणून एकच शब्द बाजूचाही झाला आणि दिशेचाही.

तिसरा रोमन गट अघटिताचा. ‘पोर्टेंट’ म्हणजे पुढे ताणून धरलेलं, समोर मांडलेलं. ‘प्रॉडिजी’ म्हणजे निसर्गाविरुद्ध घडलेलं काही, दगडांचा पाऊस किंवा विचित्र जन्म; त्याची सिनेटमध्ये रीतसर नोंद होऊन शांतीचे विधी ठरत. ‘मॉन्स्टर’ हाही मुळात इशारा, ‘मोनेरे’ म्हणजे बजावणे या क्रियापदावरून. मॉनिटर आणि प्रिमोनिशन त्याच घरातले, आणि मूळ धातू आपल्या ‘मन’चा. आता यांची आजची स्थिती पाहा. प्रॉडिजी 17 व्या शतकात अलौकिक मूल झाला. प्रॉडिजिअस म्हणजे नुसतं प्रचंड. मॉन्स्टर राक्षस झाला. पोर्टेंटने अर्थ टिकवला, पण पोर्टेंटसला दुसरा अर्थ फुटला: उगाच भारदस्तपणाचा आव आणणारं. ‘पोर्टेंटस शैली’ला अशुभसूचक शैली म्हटलेलं दिसतं, तिथे हा दुसरा अर्थ हवा असतो.

ताऱ्यांचे शब्द थोडक्यात. डिझास्टर 16 व्या शतकात इटालियन-फ्रेंच वाटेने आला, ‘वाईट तारा’. मराठीतली ग्रहदशा अजून दशाच आहे. डिझास्टरमधला तारा मात्र विझलाय आणि तो निव्वळ आपत्ती झालाय. इन्फ्लुएन्झा हा इटालियनमध्ये ताऱ्यांचा ‘प्रभाव’. इंग्रजीत तो 1743 च्या साथीच्या बातम्यांबरोबर उतरला आणि पुढे त्याचा फ्लू झाला.

‘बोड’ आणि ‘फोरबोड’ हे खरे देशी शब्द, आणि इंग्रजीतल्या या सगळ्या पसाऱ्यात मला सर्वात मोलाचे वाटतात. जुन्या इंग्रजीत ‘बोडा’ म्हणजे निरोप्या, ‘बोडिअन’ म्हणजे निरोप सांगणे. मूळ धातू तोच जो संस्कृतात ‘बुध्’ आहे. बोड आणि बोध ही चुलत भावंडं. याची खात्री नियमाने करता येते: संस्कृत ‘ध’ला इंग्रजीत ‘ड’ भेटतो, जसं विधवा आणि विडो, धा आणि डूम. असं नियमित जुळणं नसेल तर साम्यावर विश्वास ठेवू नये. ओमेन म्हणजे ‘ओम्’ हा मोह अनेकांना पडतो. पण वारोनेच ओमेनचं जुनं रूप ‘ओस्मेन’ असं दिलं आहे. मधला ‘स’ आला की ओम् तिथेच गळतो.

वापरताना: बोडचा कर्ता परिस्थिती असते, माणूस नसतो, आणि त्याच्या सोबत बहुधा वेल किंवा इल लागतो. ‘इट डझन्ट बोड वेल’ला ‘लक्षण काही ठीक दिसत नाही’ हे अस्सल मराठी आहे. ‘हे चांगले भाकीत करत नाही’ म्हटलं की वाक्य मेलं. ऑगरचं क्रियापद तसंच चालतं. पोर्टेंटचं क्रियापद पोर्टेन्ड, त्याला मात्र थेट कर्म लागतं आणि ते सहसा मोठं, गंभीर असतं. प्रेसेज, म्हणजे पुढचं सुचवणे, हा लिखित भाषेतला, शुभ-अशुभ दोन्हींना चालणारा. ‘फोरबोडिंग’ आणि ‘फॉरबिडिंग’ यांची गल्लत वारंवार होते. फॉरबिडिंग म्हणजे जवळ जाऊ नये असं वाटायला लावणारं, करडं. तेही त्याच बुध्-धातूच्या कुळातलं, पण त्याचं ‘फॉर’ नकाराचं आहे आणि फोरबोडचं ‘फोर’ आधीचं.

‘हार्बिंजर’मध्ये ब्रिंग म्हणजे आणणे शोधू नये. तो फौजेच्या किंवा राजाच्या पुढे जाऊन मुक्कामाची सोय करणारा माणूस; हार्बर त्याचा नातलग. तो आला म्हणजे मागून लवाजमा येतोय. मराठीत ‘नांदी’ नाहीतर ‘चाहूल’ छान बसते: वसंताची चाहूल, विनाशाची नांदी.

आता आतल्या खुणा. फोरबोडिंग आज मुख्यतः मनातलं आहे: कारण सांगता येत नाही, पण काहीतरी वाईट होणार असं वाटतं. त्याला अपशकुन म्हणू नये. ‘मनात पाल चुकचुकली’ हा वाक्प्रचार यासाठी जवळजवळ हुकमी आहे. बाहेरची खूण मराठीने केव्हाच मनाच्या आत नेऊन ठेवली आहे. प्रिमोनिशन अधिक ठाम असतं, विशिष्ट घटनेची आगाऊ जाणीव: ‘मनाने आधीच सांगितलं होतं’. प्रेझेंटिमेंट हा 18 व्या शतकात फ्रेंचमधून आला, जरा हळवा, आता जुनाट. मिसगिव्हिंग समजायला ‘गिव्ह’चा जुना अर्थ लागतो. पूर्वी ‘माय हार्ट गिव्ह्ज मी’ म्हणजे माझं मन मला सुचवतं. मनाने वाईट सुचवलं की मिसगिव्ह. म्हणून त्यात भविष्याची सूचना कमी आणि शंका जास्त: ‘मन धजेना’, ‘मन साशंक होतं’.

ऑमिनस सगळ्यात जास्त ताप देतो, कारण तो ढगांपासून शांततेपर्यंत कशालाही लागतो. ‘अपशकुनी ढग’ मराठीत चालत नाही. अपशकुनी आपल्याकडे मांजर असतं, वेळ असते, दुर्दैवाने माणसंही ठरवली जातात. तिथे विशेषण सोडून वाक्य करावं: ‘ढग असे दाटले की धस्स झालं’, ‘ती शांतता काही बरी वाटेना’. उलट ऑस्पिशस. आपल्याकडच्या इंग्रजीत ‘ऑस्पिशस ऑकेजन’ म्हणजे मुहूर्त पाहिलेला मंगल प्रसंग. ब्रिटिश किंवा अमेरिकन लेखक ‘ऑस्पिशस स्टार्ट’ लिहितो तेव्हा त्याला फक्त ‘सुरुवात चांगली झाली’ एवढंच म्हणायचं असतं. तिथे शुभमुहूर्त घातला तर मूळ लेखकाच्या गळ्यात नसलेली श्रद्धा बांधली जाते.

20 व्या शतकात अमेरिकेने दोन शब्द दिले. ‘हंच’ म्हणजे मुळात ढोसणं, धक्का. कोणीतरी कोपराने ढोसून सुचवावं तसं, म्हणून ‘आतून वाटणं’. यात अशुभ असायलाच हवं असं नाही. ‘जिंक्स’ बेसबॉलच्या मैदानातून वर आला. त्याचं मूळ ‘जिंक्स’ याच लॅटिन-ग्रीक नावाच्या, मान पिळवटणाऱ्या पक्ष्याशी जोडतात, जो ग्रीकांच्या जादूटोण्यात वापरला जाई. खेळाडूच्या तोंडी तो आला तर ‘पनवती’ लिहावं. ‘अपशकुन’ तिथे फार गंभीर होतो.